सकाळचं दूध

नोव्हाय, ३ मार्च २०२५

चि. सौ. शोभनास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले तर सुनेला ऐकू जाईल, म्हणून पत्र. हिमानीला पीसीओएस आहे, पाळी चार-चार महिने येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. डॉक्टरीणबाईंनी व्हिटॅमिन डी फार कमी निघालं म्हणून आठवड्याला एक कॅप्सूल दिली. आठवड्याला एक, म्हणजे वर्ष जायचं! मी पुण्याहून त्याच औषधाच्या पुड्या आणल्यात. दोन महिने झाले, रोज एक तिच्या सकाळच्या केशरी दुधात घालते. तिला सांगितलं तर लेक्चर देईल. राजेशला सांगितलं, तो म्हणाला, आई, तुझं तू बघ.

आणि आता ऐक. आठवडाभर तिला मळमळतंय, सारखी पाणी पिते. मी काय ते समजले. आयसेलिनच्या देशी बाजारात गेलीस की ओटीची हिरवी साडी घेऊन ठेव. भाषण मात्र नको.

तुझी,
लताताई

पिस्कॅटवे, ९ मार्च

ती. सौ. लताताईस,
शि. सा. नमस्कार. कुशल विचारत नाही.

साडी घेतली नाही. शुक्रवारी पत्र वाचलं आणि तडक हिमानीला फोन करून हॉस्पिटलात जायला लावलं. दिवस गेलेले नाहीत, ताई. रक्तात कॅल्शियम चढलंय, किडनीवर ताण आलाय. आठवड्याचं औषध तू तिला रोज पाजलंस.

भाषण नको म्हणालीस, तरी ऐक. औषध तिच्या अंगातली कमतरता भरायला होतं. त्याने नातू होईल असं तुला कुणी सांगितलं? तिची हाडं दुखतात, जिना चढून ती बसून राहते, ते तुला दिसलं नाही. आपल्या घरांत सून बोलली की ते लेक्चर, आणि तिच्या पेल्यात चोरून काही घातलं की ती माया. असल्या मायेला मी विष म्हणते.

राजेशला ठाऊक होतं, हे मी तिला सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस, त्याच्यासमोर. नाहीतर मी सांगेन.

लोभ आहे, म्हणून एवढा राग आहे.

शोभना

नोव्हाय, १५ मार्च

चि. शोभनास,
आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही.

हिमानी काल हॉस्पिटलातून घरी आली. सांगितलं. राजेश म्हणाला, व्हिटॅमिनच तर होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, की मला मळमळत होतं तेव्हा तुम्ही दोघं खूश होतात का. मी हो म्हटलं.

आज सवयीने मी दूध तापवलं. तिने पेला सिंकमध्ये ओतला, विसळून पालथा घातला आणि राजेशला सांगितलं, की पुण्याची दोन तिकिटं काढ. एक आईंचं, एक तुझं.

शिव्या घालायला का होईना, लिहीत राहा.

ताई