पडद्यावरचा ढिगारा

पुणे, १२ जुलै २०१६

ती. आईला रुद्रेशचा शरणार्थ.

इथं जेवण चांगलं हाय, काळजी करू नको. धाकट्या मंजुषाचे लातूरचे क्लास सुरू झाले का?

पोकलेन चालवायला आधी पडद्यावरच शिकवतात. खुर्ची, दांडे सगळं खरं; माती तेवढी खोटी. काल पडलेल्या घराचा ढिगारा उचलायला दिला. मी एकेक बकेट हळूच उचलत बसलो. वेळ संपली, नापास झालो. सर हसून म्हणाले, "अरे बाबा, खाली कोणी नाही."

सोमवारी परत परीक्षा हाय. तेव्हा भरभर उचलीन.

एक गोष्ट फोनवर विचारवत न्हाई, म्हणून लिहायलोय. त्र्याण्णवच्या भूकंपात मी चार वर्षांचा होतो, मला काही आठवत न्हाई. शिवगंगाताईला ढिगाऱ्यातून काढलं, तेव्हा मशीनवाला हळू होता का?

तुझा,
रुद्रेश