पाव वाटी साखर

बाबा,

काल सकायी डब्यात दीड वाटी साखर मोजून ठेवली होती. माह्या अन् आईच्या चहाले पाव वाटी काढली. मंग सव्वा उराले पायजे होती. आज मोजली तं एकच वाटी भरली. मुंग्या साखर खाऊन झाकण लावत नाहीत, बाबा. शाळा सोडली म्हणून मी वजाबाकी नाही इसरली.

तुमाले शुगर आहे. पायाची जखम भरून नाही राह्यली. डॉक्टर अंगठा कापा लागन म्हणे, तरी चोरून खाता काऊन?

तुमच्या गोळ्या आणाले नांदुऱ्याले चालली. साखरेचा डबा संगंच नेऊन राह्यली, शोधू नका. गंजात बिनासाखरेचा चहा आहे. मी बी आज तोच पेली. लय बेकार लागते. पण पेली.

संजीवनी