मध्यंतरापर्यंत पुरे

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ७.१०
नवी डायरी. संकल्प एकच. रविवारी २५ला वाचनालयाच्या रसिक मंडळात माझं भाषण. विषय : महिन्यातले सिनेमे. मंडळाला चित्रपट विभागप्रमुख नेमायचाय. अध्यक्ष शिवराम सर म्हणाले, भाषण रंगलं तर तुम्हीच. रंगणारच. अख्ख्या डोंबिवलीत सिनेमा कळणारा दुसरा माणूस दाखवा. रिटायर होऊन सात महिने झाले, 'अहो, दळण आणा' याच्यापलीकडे कोणी काही विचारत नाही. आता लेटरहेडवर नाव येईल.
धोरण : इंटरव्हलला उठायचं. केमिकल कंपनीत स्टोअर्सला एकतीस वर्षं काढली. पोत्यात हात घातला की माल कळायचा, अख्खं पोतं कधी ओतलं नाही. शितावरून भाताची परीक्षा. उरलेला अर्धा सिनेमा मी मनात बघतो. तो जास्त बरा असतो.

४ जानेवारी, रविवार
कल्याणला तलवारीचा सिनेमा. बायकोला, दर्शनाला, बरोबर नेलेलं. भयंकर! राजा जिममधून थेट सिंहासनावर. दाढी ट्रिम केलेली. एवढी लढाई, पण एकाला घाम येईल तर शपथ. सेनापती डोळे बारीक करून बोलतो, तेव्हाच ओळखलं. फितूर! इंटरव्हलला उठलो. दर्शना म्हणाली, अहो, आता तर कुठे लढाई लागतेय. म्हटलं, चल, मला माहितीय. सेनापती उलटतो, राजा त्याला तोफेच्या तोंडी देतो, संपला सिनेमा. रिक्षात एक शब्द बोलली नाही. पटलं असणार.
दीड स्टार. त्यातला एक घोड्याला.

६ जानेवारी, मंगळवार
दर्शना ठाण्याला, कोपरीला गेलेली, मैत्रिणीकडे, मंजुळाकडे. संध्याकाळी आली तर पदराला पॉपकॉर्न चिकटलेलं. मंजुळा घरी पॉपकॉर्न करते वाटतं. या वयात!
भाषणाचे मुद्दे काढायला बसलेलो. झोप लागली.

११ जानेवारी, रविवार
माजिवड्याला मॉलमध्ये मराठी सिनेमा. आई आणि मुलगी. मुलगी पतपेढीत क्लार्क आणि घर बत्तिसाव्या मजल्यावर! किचनमध्ये तेलाचा एक डाग नाही. आई म्हणे पोळ्या लाटून घर चालवते. नखं बघा तिची. हिरो गिटार वाजवतो, दुसरा उद्योग नाही. शेवट काय, लग्न. मांडवात आई रडणार. इंटरव्हलला उठलो तर दर्शना खुर्चीला चिकटून. चल म्हटलं तर म्हणाली, अहो, कुकर लावल्या लावल्या झाकण काढून शीत दाबलंत तर कच्चंच लागणार ना? बायकांना थिअरी कळत नाही. नेलीच बाहेर.
एक स्टार. तोसुद्धा मराठी म्हणून.

१३ जानेवारी, मंगळवार
परत कोपरी. आली ती डोळे सुजवून. विचारलं तर म्हणाली, कांदे चिरले. लोकाच्या घरी जाऊन कांदे! आणि इथे मी गिरणीत पीठ अंगावर घेत उभा. भाषणाचं एक पान झालं. उद्यापासून रोज दोन.

१८ जानेवारी, रविवार
भुताचा सिनेमा. इथेच, डोंबिवलीत. अगदीच पोरकट. विहिरीतून हात येतो. हॅ! रबरी हात, लांबून कळतो. तरी पब्लिक किंचाळतंय. पंचविसाव्या मिनिटालाच उठलो, एसी फार होता. दर्शनाला हाताला धरून बाहेर काढलं. ती म्हणते, तुमचाच हात गार पडलेला. एसी!
शेवट : भूत म्हणजे मेलेली मोठी सून. मांत्रिक येतो, नारळ फोडतो, मोक्ष.
शून्य स्टार. आज पॅसेजमधला लाइट चालू राहू देणार आहे. दर्शनाला भीती नको वाटायला.

२० जानेवारी, मंगळवार
कोपरी. आज हसतच आली. मलाच विचारते, त्या भुताचं पुढे काय झालं असेल हो? सविस्तर सांगितलं. तर पोट धरून हसली. हिच्यासमोर सिनेमावर बोलणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता.

२४ जानेवारी, शनिवार
भाषण तयार. नऊ पानं, चार आज झाली. आरशासमोर म्हणून बघितलं. दर्शना दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, अहो, शेवटांचं एकदा कोणाला तरी विचारून घ्या. म्हटलं, एकतीस वर्षं माल तपासलाय. बरं म्हणाली. दोनदा म्हणाली.

२५ जानेवारी, रविवार
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.
चाळीसेक माणसं. राजाच्या दाढीला हशा, टाळ्या. मग सेनापती फितूर निघतो म्हटलं, तर करिश्मा, वाचनालयात पुस्तकं देणारी मुलगी, उठून म्हणते, काका, सेनापती तर राजासाठी मरतो ना? फितूर तर मेहुणा असतो. म्हटलं, तो वरवरचा अर्थ झाला. पुढे आई-मुलीचा सिनेमा. लग्न म्हटल्याबरोबर हॉलभर कुजबुज. शिवराम सरांनी कानातलं मशीन नीट केलं आणि भर माइकवरून विचारलं, अहो, शेवटी तुम्ही थिएटरात होतात का?
पाणी प्यायलो. अख्खा ग्लास.
तेवढ्यात दर्शना उठली. वाटलं, आली वाचवायला. म्हणाली, ह्यांचं इंटरव्हलपर्यंतचं अगदी बरोबर आहे, पुढचं मी सांगते. आणि सांगितलं! मुलगी लग्न मोडते, आईला पोळी-भाजीचं दुकान घालून देते, वर पाटी आईच्या माहेरच्या नावाची. पुढच्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. मीही काढला. सर्दी. मग भूत. मोठी सून मेलेलीच नसते, सासरच्यांनी तशी आवई उठवलेली असते. चाळीस माणसं खुर्चीच्या कडेवर.
मंजुळा मागच्या रांगेत होती. तिच्याकडून कळलं. तिन्ही मंगळवारी दोघी ठाण्याला थिएटरात. तिन्ही सिनेमे, पहिल्यापासून शेवटपर्यंत.
मंडळाने शाल-श्रीफळ आणलेलं. श्रीफळ मला दिलं. शाल तिला.

२६ जानेवारी, सोमवार
शिवराम सरांचा फोन. दर्शना विभागप्रमुख, एकमताने. माझ्याकडे कार्यक्रमाच्या मध्यंतरातला चहा-बिस्किटं. तुमचा मध्यंतराचा अनुभव दांडगा आहे, म्हणाले. मंडळाची पातळी घसरली हे पहिल्या दिवसापासून सांगत होतो मी.
दर्शनाला विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगायला लागले की तुम्ही उठता.
खूप लागलं. उठायला लागलो होतो, तो बसलो.

२७ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी ७.३०
म्हटलं, आज मीही येतो सिनेमाला. शेवटपर्यंत बसेन. म्हणाली, आजची दोनच तिकिटं काढलीत, तुमचं पुढच्या मंगळवारी बघू. जाताना कुकर लावायला सांगून गेली. चार शिट्ट्या होऊ द्या, मग वाफ जाईपर्यंत हात लावू नका.
दुसऱ्या शिट्टीला माझा अंदाज आला. बंद केला, शिट्टी वर धरून वाफ काढली, झाकण उघडलं.
कच्चा.
शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.