बोलिव्हियासाठीचा सराव

चिंगे,

गरम पाण्याची पिशवी उशाशी ठेवली आहे, ती कमरेला लावून पडून राहा. चहा थर्मासमध्ये आहे. मी डॉक्टरकडे चाललोय. तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितोय.

आपल्या बोलिव्हियाच्या सहलीत टॅक्सी करायची नाही, हमाल नाही, आपलं ओझं आपल्याच पाठीवर, असं तू ठरवलंस तेव्हा सगळ्यात मोठ्याने हो मीच म्हणालो. मग पुस्तकांनी भरलेली सॅक घेऊन जिना चढायचा सराव सुरू झाला, मी सकाळी आणि तू संध्याकाळी. पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावर माझा श्वास अडकला आणि मी पायरीवरच बसलो. तेव्हापासून रोज लिफ्टने गच्चीवर जातो, वॉचमनशी गप्पा मारतो आणि टाकीच्या नळावर तोंड भिजवून घामाघूम झाल्यासारखा खाली येतो.

काल तू म्हणालीस, "बाबा या वयात एवढं उचलतात, मग मला काय धाड भरलीये?" आणि सॅकमध्ये आणखी चार जाडजूड पुस्तकं कोंबलीस. कंबर धरून बसलीस तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.  तरी ओझं उचलताना वाकायचं कसं, ते तुलाच शिकवत बसलो.

तुझं तिकीट काढ. माझं राहू दे.

माझी सॅक दाराजवळ आहे. कंबर दुखत असली तरी खुशाल उचल, एका बोटावर येईल. तुझी हरवलेली उशीही तिच्यातच आहे.

बाबा