मुरुडची रफीवाली

१२ जुलै १९८२, उदगीर

नकार आला! आणि कशापायी — तर रफी!

काल मुरुडला मुलगी पाहायला गेलो. अप्पा, अव्वा आणि मी. मुलगी नीलम्मा, बी.ए. झालेली. वडील न्हाईत, म्हणून तिचे मामा चन्नबसप्पाच सगळं बघत होते. दुष्काळ असा की पाव्हण्यांना पाणी अर्धा पेला. चहा मात्र काठोकाठ!

आमचे नेहमीचे प्रश्न संपले. मग मामा म्हणाले, "तुला काय इचारायचं असंल तर इचार, पोरी."

तिनं मान वर केली. सरळ माझ्याकडं बघितलं.

"रफी का किशोर?"

असला प्रश्न! मी एकदम खुश. "किशोर! रफी म्हणजे गळ्यात तूप ओतून गाणारा. दोन गाण्यांत झोप लागती!"

अव्वानं चिमटा काढला, पण उशिरा. नीलम्मानं माझ्यापुढची पोह्यांची बशी उचलली आणि आत गेली. अजून निम्मे पोहे होते!

आज निरोप आला — "मुलाचे कान चांगले न्हाईत म्हणती." अप्पांना वाटलं मी बहिरा आहे आणि घरच्यांपासून लपवून ठेवलंय. दुपारी मागून येऊन हळूच हाक मारून पाहिली.

१५ जुलै

पाऊस न्हाई, गिऱ्हाईक न्हाई. कापडाच्या दुकानात मी, अप्पा आणि माशा.

चन्नबसप्पामामा तुरीच्या सौद्याला उदगीरला आले होते. गाठून चहा पाजला. म्हणालो, "भाचीला सांगा — आणीबाणीत रेडिओनं किशोरची गाणी बंद केली, तरी झुकला न्हाई गडी! असा दुसरा दाखव म्हणावं."

"वीरण्णा, सोयरिक मोडली बाबा. आता कशाला?"

"सोयरिकीचं जाऊ द्या. इज्जतीचा सवाल हाय!"

२२ जुलै

उत्तर आलं. मामा बिचारे मुरुडपासून पाठ करत आले होते. दुकानात उभं राहून शाळेतल्या पोरावानी म्हणून दाखवलं — "किशोर पडद्यावर नट असताना त्याच्यासाठी गळा कुणाचा घेतला? रफीचा! इचारा त्याला."

खोटं! सोळा आणे खोटं!

रेडिओ दुरुस्तीवाल्या व्यंकटकडं पळालो. तो रफीचा भगत, पण खोटं बोलणारा न्हाई. "हाव, खरं हाय," म्हणाला आणि पोट धरून हसला.

जेवण गेलं न्हाई.

२३ जुलै

तिला कुठनं कळलं पण हे?

३१ जुलै

रफीला जाऊन आज दोन वर्षं झाली. व्यंकटनं दुकानात फोटोला हार घातला होता. मी चिडवायलाच गेलो. "प्रसाद काय ठेवलाय — झोपेच्या गोळ्या?"

व्यंकट चिडला न्हाई. तेच वाईट. म्हणाला, "रफी गेला तवा किशोर त्याच्या पायाशी बसून रडला म्हणतेत. आणि त्याचे भगत इथं शिव्या देऊन राहिलेत." मग कॅसेट लावली. उठायला निघालो आणि बसलो. एक बाजू संपली. मीच उठून दुसरी लावली.

चांगला गातो. लई चांगला गातो.

हे पान कुणी वाचलं तर मेलो!

१६ ऑगस्ट

आज लातूर जिल्हा झाला. रात्री उस्मानाबाद जिल्ह्यात झोपलो, सकाळी लातूर जिल्ह्यात उठलो. नळ दोन्हीकडं कोरडाच.

संध्याकाळी लातूरला ऑर्केस्ट्रा होता. व्यंकटसंगं गेलो. गायक एकच — रफी नाकातून गायचा, किशोर घशातून. बायकांच्या बाजूनं खणखणीत आवाज आला, "ओ, रफीला सर्दी झाली का?"

आवाज ओळखला. नीलम्मा! शेजारी मामा, टोपीत तोंड खुपसून.

मग त्या माणसानं किशोर धरला. गाणं कसलं, खाटीकखाना! मी ओरडलो, "उतरवा याला!" मागून एकानं कॉलर धरली. "ए रफीवाल्या, किशोरला नावं ठिवतो?"

मी — रफीवाला! बोलायच्या आत शर्ट फाटला. व्यंकट मधी पडला, त्यालाही एक बसली. तेवढ्यात नीलम्मा गर्दी फोडून आली. "सोडा त्यांना! ते किशोरवाले हायेत. माझ्याइतकं कुणाला ठाऊक!"

सोडलं.

बाहेर शेंगदाण्याच्या गाड्याशी उभे राहिलो. मामा थोडे लांब, पण कान इकडं. मी म्हणालो, "रफी ऐकला मी. सबंध कॅसेट."

"झोप लागली का?"

मी हसलो. ती हसली न्हाई. म्हणाली, "आमचे वडील, अण्णा, जायच्या आधी वरीसभर आजारी होते. दुखणं असं की डोळ्याला डोळा लागायचा न्हाई. रफी लावला की लागायचा. तुम्ही म्हणालात ना, दोन गाण्यांत झोप लागती — त्यांना लागायची. तेवढीच."

शेंगदाण्याचा पुडा तसाच हातात. मामांनी बस आली म्हणून हाक मारली.

२१ ऑगस्ट

मामा आले होते. नीलम्माला नांदेडचं स्थळ आलंय. मुलगा सरकारी नोकरीत. स्वभावानं गरीब, वरच्या आवाजात बोलत न्हाई म्हणे.

म्हणालो, "तिला सांगा, मी चुकलो. अण्णांचं ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलं तरी तसं बोलायचं न्हाई."

"आणिक?"

"आणिक काय न्हाई." मग राहवेना. "आणि किशोरबद्दल माघार न्हाई म्हणावं!"

मामांनी कपाळावर हात मारला. अव्वा म्हणाली, "हा असाच राहतो आता."

२४ ऑगस्ट

किशोर लावला. बंद केला. रफी लावला. तोही बंद केला.

३० ऑगस्ट

नीलम्मा दुकानात आली. एकटी, मुरुडहून, सकाळच्या यष्टीनं. अप्पांच्या पाया पडली आणि माझ्याकडं वळली. "नांदेडच्यांना विचारलं. म्हणाले, कायबी लावा, मला चालतं. असल्या माणसासंगं जन्मभर बोलायचं काय?"

अप्पांनी मला गादीवरून उठवलं. गादी झटकली. म्हणाले, "बस, पोरी."

बसली!