टाळ्यांच्या मापाचे स्वर

शनि., ४ ऑक्टो.
मेल्विन जपानीच्या शिकवणीला वेळेवर आला. शारजाहून इथे अबुधाबीत खलिफा सिटीला, दीड तास ट्रॅफिक, तरी कपाळावर आठी नाही. गुरुवारी दुबईत अल क्वोजला त्याचा जपानी कंपनीत इंटरव्ह्यू. हॉटेलची नोकरी महिनाअखेर खलास. ही मिळाली नाही तर परत वसई. उच्चार घोटून घेतले. माझी पद्धत: आखूड स्वराला एक टाळी, लांबाला दोन. बारा वर्षं हेच शिकवतेय. पोरगा तयार आहे.

रवि., ५
शेजारच्या जपानी हारुकासानला तिच्या भाचीने कॉलेजच्या अभ्यासासाठी ऐकण्याची टेस्ट पाठवली. जपानी वाक्य ऐकायचं, त्यातला एक स्वर आखूड की लांब, बटण दाबायचं. तिच्याबरोबर मीही बसले. हौस दांडगी.

वाक्यांच्या एका जोडीत आमची उत्तरं जुळेनात. हारुकाचं पहिल्यांदा लांब, दुसऱ्यांदा आखूड. माझं दोन्हीदा लांब. मनात म्हटलं, चुकली बाई. उत्तरं उघडली. दोन्ही वाक्यांत तोच स्वर, कापून चिकटवलेला! फक्त आजूबाजूचं बोलणं पहिल्यांदा भरभर, दुसऱ्यांदा सावकाश. हे कळल्यावर तिने पुन्हा ऐकलं, तरी तिचं उत्तर तेच.

म्हणजे ती मोजतच नाही. बोलण्याच्या चालीवरून तिला आपोआप लांब-आखूड ऐकू येतं. बारा वर्षं, इतकी मुलं, आणि मी टाळ्या...

सोम., ६
राहवलं नाही. हारुकाला विचारलं, मी सावकाश जपानी बोलते तेव्हा माझे लांब स्वर तुला लांब वाटतात? चहा ओतता ओतता थांबली. "सहा वर्षं मी मनातल्या मनात दुरुस्त करून ऐकते."
मग सांगितलं का नाहीस?
"तू शिकवतेस ना. कसं सांगणार?"
सहा वर्षं! धड रागही येईना. लाज मात्र वाटली, खूप.

बुध., ८
काल मेल्विनचे दोन फोन उचलले नाहीत. घाबरला की तो सावकाश बोलतो. त्यात माझ्या मापाचे लांब स्वर आखूडच वाटणार. सांगावं तर आयत्या वेळी हातपाय गाळेल. न सांगावं तर हारुकाने माझं केलं तेच मी त्याचं करणार.

दुपारी फोन केला. सगळं सांगितलं, चूक माझी म्हटलं. टाळ्या विसर, हारुकासानने तुझी इंटरव्ह्यूची उत्तरं रेकॉर्ड करून पाठवलीत, त्या चालीने बोल.

तो म्हणाला, "मॅडम, ते मोजणं आता आतच चालतं. बंद कसं करू?"

म्हटलं, होईल, इन्शाल्ला. मलाही बंद करता येत नाहीये, हे मात्र नाही सांगितलं.