पाकळी की नळी?

धारवाड, आश्विन वद्य तृतीया, इ.स. १९३८

अळणावर गावाहून लाकडं भरून आज लॉरी एका दमात चढ चढली! दसऱ्यापासून तिथंच धापा टाकत होती. म्हणून काल सायलेन्सर काढून रुंद नळी बसवली. त्याच बैठकीत कार्बोरेटर उघडला, तर आत झेंडूची पाकळी. खंडेनवमीला थेट इंजिनावर माळ घालणारा शहाणा मीच.

मग गुण कुणाचा? नळीचा, की पाकळी निघाल्याचा? दोन्ही एकदम केलं, तिथंच फसलो.

लॉरी चालवणारे आमचे थोरले अण्णा म्हणाले, "साकु रे, पुरे झालं! आता हात लावू नकोस." खरंय. चढावर अडकली तर लाकडं रस्त्यावर उतरवावी लागतील.

पाकळी मात्र अजून खिशात आहे. उद्या नळी तशीच ठेवून ती परत आत टाकतो. अण्णांना चढ संपल्यावर सांगेन.